पायरी गिळणारा उजेड

२०२३ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि बीबीपासून दुसरबीडपर्यंत माझ्यासारखा वायरमन दुसरा नाही असं माझं पक्कं मत होतं. हे मत आणखी कोणाचं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

शिक्षण चौथीपर्यंत. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. एका लाईनमनच्या मागं सामानाची पिशवी उचलत फिरलो आणि काम शिकलो. त्या कामावर पंचेचाळीस वर्षं घर चालवलं. दिवाळी अंकवाले म्हणाले, "काका, धंद्यातलं काही लिहा." धंद्यातलं मोठं असं माझ्याजवळ काही नाही. एक पायरी आहे, सहा इंचाची. तिनं मला जेवढं खाली आणलं तेवढं कोणत्या शिडीनं आणलं नाही, म्हणून तीच सांगतो.

ज्यांनी घराची दुरुस्ती कधी काढली नाही त्यांना आधी आमचं काम समजलं पाहिजे. जुनं घर नवं करताना मिस्त्री पहिल्यांदा जुनं प्लास्टर पाडतो. भिंत उघडी झाली की वायरमनला बोलावतात. तो गेरूचा खडा घेऊन भिंतीवर खुणा करतो, इथं बटण, इथं दिवा, इथं पंखा. त्या खुणांप्रमाणे भिंत खोदून पाईप गाडायचे, वरून नवं प्लास्टर, मग रंग. म्हणजे लाईट कुठं पडणार हे घरात अंधार असताना, सामान नसताना, माणूस नसताना ठरतं. एकदा प्लास्टर चढलं की बदल करायचा तर नवी भिंत फोडावी लागते, आणि मिस्त्री आपल्या सात पिढ्यांची चौकशी करतो. घरदुरुस्तीत वायरमन सगळ्यात आधी लागतो आणि त्याचं काम चुकलं हे सगळ्यात शेवटी कळतं.

माझी पद्धत ठरलेली. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि वर पाहायचं. घरमालक बाजूला उभा राहतो. तो काही बोलायला लागला की मी हात वर करायचो, जसं काही मला वरून ऐकू येतंय. मग गेरू काढायचा. बटण जमिनीपासून साडेचार फुटांवर, दिवे वर, पंखा मधे. पंचेचाळीस वर्षांत एकाही माणसाला मी विचारलं नाही, की बाबा, तू या खोलीत बसतो कुठं? आणि बायांना विचारायचं तर डोक्यातच आलं नाही. स्वयंपाकघराचे पॉइंट मी घरातल्या पुरुषांना विचारून काढले. ज्या माणसाला चुलीवरचा तवा कुठं असतो हे माहीत नाही, त्याच्याशी मी तासभर चर्चा करायचो.

एकदा शेगावला लॉजचं काम केलं. त्या मालकानं व्हरांड्यात गुडघ्याच्या खाली भिंतीत छोटे दिवे मागितले. मी म्हटलं, "शेठ, मांजरांसाठी का?" तो म्हणाला, "काका, मुक्कामी माणूस नव्या जागेत रात्री उठते. त्याले छत नाही पाहायचं. पाय कुठं ठेवू हे पाहायचं आहे." दिवे बसवले, पण परतीच्या गाडीत सगळ्यांना हा किस्सा सांगून हसवलं. त्या माणसाची माफी मागायची राहून गेली आहे.

अलीकडच्या पाच-सहा वर्षांत मला एक तक्रार जडली होती. नव्या बल्बांत दम नाही. पूर्वीचा साधा बल्ब कसा मोकळा उजेड द्यायचा, आता पाहावं तर दिव्याभोवती कडं दिसतं आणि खोली धुकट. कंपन्या लबाडी करतात असं मी चारचौघांत सांगत होतो. मग मी तोड काढली. जिथं एक दिवा पुरतो तिथं तीन. बीबीतल्या एका कापडवाल्याच्या हॉलमध्ये मी इतका पांढरा उजेड पाडला, की जावई जेवायला बसले ते गॉगल लावून. कापडवाल्यानं फोन केला, "काका, जावई घरात गॉगल काऊन लावून राह्यले, मले लोक विचारतात." मी म्हटलं, "हौशी असतील." पुढच्या महिन्यात त्यांनी दोन दिव्यांवर टॉवेल टांगला. मी त्याला अडाणीपणा म्हटलं.

आमच्या घरची म्हणायची, "तुमचे डोळे दाखवा एकदा." मी म्हणायचो, "चष्मा आहे, डोळे ठीक आहेत. बल्ब दाखव."

अशात दुसरबीडच्या इंगळेबाईंचा निरोप आला. बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वय छासष्ट. दुसरबीडात निम्मी दुकानं बाईंच्या हाताखाली पाढे शिकलेल्यांची आहेत. यजमान वारले, मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला. बाई एकट्याच राहायच्या. तीन खोल्या एकामागं एक, समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि पुस्तकांचं कपाट, मग मधली खोली, आणि मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी. सहा इंच.

बाईंना काचबिंदू झाला होता. हा आजार कसा, ते बाईंनीच मला सांगितलं. समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकायचे आणि उरलेलं सांभाळायचं. आदल्या वर्षी त्या पायरीवरून त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून मिलिंदनं लावून धरलं होतं, की आई, पुण्याला चल. बाईंना जायचं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. घराची दुरुस्ती करायची, फरशी, लाईट, सगळं. मग मिलिंद एका रविवारी येणार आणि संध्याकाळी स्वतः पाहणार. आई एकटी घरात नीट चालली तर राहायचं, नाही तर त्याच गाडीत बसायचं.

"शालिकभाऊ," बाई म्हणाल्या, "हे घर माह्या हातात राह्यलं तर तुमच्या लाईटनं राहील."

दुसरा माणूस असता तर हे ऐकून खाली बसला असता आणि दोन प्रश्न विचारले असते. मी छाती फुगवली.

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. त्या म्हणाल्या, "मले लख्ख नको. डोळ्यावर येते. पायरी दिसली पाहिजे बस. तिच्या काठाला एखादी काळी पट्टी..."

"पट्टी?" मी म्हटलं. "बाई, घर आहे का बसस्टँड? तुम्ही शाळा चालवली, मी लाईट चालवला. पाहा तर खरं."

आणि गेरू काढला. तीन खोल्यांत अकरा दिवे. रशीद मिस्त्री प्लास्टर करत होता, तो मोजून म्हणाला, "काका, शादीखाना बना रहे क्या?" मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. फरशी मिलिंदनं फोनवर फोटो पाहून पसंत केली होती, पांढरी, आरशासारखी चकचकीत. मला फारच आवडली. माझा उजेड दुप्पट दिसणार होता.

रविवारच्या आधीच्या मंगळवारी काम संपलं. रंगाचा पहिला हातही झाला होता. दिवस मावळायला आला तेव्हा मी बाईंना समोरच्या खोलीत उभं केलं आणि एकेक करून अकरा बटणं दाबली. असा झगमगाट झाला की रशीदनं डोळ्यावर हात धरला. मी बाईंच्या तोंडाकडं पाहत राहिलो. मी कौतुकाची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू.

बाई मधल्या खोलीपर्यंत गेल्या. पायरीपाशी थांबल्या. एक पाय पुढं केला, मागं घेतला. परत पुढं केला. मग भिंतीला हात लावला आणि हळूच म्हणाल्या,

"शालिकभाऊ, पायरी कुठं गेली?"

"तुमच्या समोरच आहे बाई."

"मले तर सगळं पांढरंच दिसून राह्यलं. वर पांढरं, खाली पांढरं. आधी निदान अंधारात तिचा काठ समजत होता."

त्या तिथंच खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, "पुस्तकं खोक्यात भरावी लागतील. रशीदभाऊ, खोके मिळतील का कुठं?"

आता माझा स्वभाव पाहा. एका बाईचं घर हातचं चाललं होतं आणि मला राग आला माझ्या उजेडाचा अपमान झाल्याचा. मी म्हटलं, "अकरा दिव्यांत पायरी दिसत नाही तर त्याले वायरमन काय करेल? एवढा उजेड आंधळ्यालेही दिसेल."

शब्द तोंडातून गेला. रशीदनं थापी खाली ठेवली.

बाई उठल्या, भिंत धरून देवळीपाशी गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. "तुमचा चष्मा द्या," म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्गात काढलेला आवाज होता तो. मी निमूट दिला. त्यांनी बोटावर तेल घेतलं, दोन्ही काचांना कडेकडेनं फासलं, मधे रुपयाएवढी जागा मोकळी ठेवली, आणि चष्मा परत माझ्या नाकावर चढवला.

"मले असं दिसते. आता स्वयंपाकघरातून पाणी आणा."

मी निघालो. जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण रशीदनं ते बीबीपर्यंत सांगून टाकलंच आहे. अकरा दिव्यांचे अकरा सूर्य झाले. छतावरचा उजेड आणि फरशीतला उजेड एकमेकांत मिसळला, भिंत कुठं संपते ते कळेना. मी पाय घासत घासत गेलो, जसा नवरदेव पाटावर जातो. पायरी आली कधी ते समजलं नाही. एकदम जमीन गेली, मी हात फिरवले, आणि गुडघा ओट्यावर आपटून थांबलो.

"बाप्पा!" रशीद ओरडला. "लगा क्या काका?"

मला गुडघ्यापेक्षा नाकाला जास्त लागलं होतं. मी तिथूनच ओरडलो, "बाई, हा काही न्याय नाही. तुम्ही मधे पण तेल लावलं. मधूनही मले सगळं धुकटच दिसून राह्यलं!"

बाई पायरीच्या वर उभ्या होत्या.

"शालिकभाऊ," त्या म्हणाल्या, "मधे मी तेल लावलंच नाही."

मी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं खसाखसा पुसला, परत लावला. दिव्यांकडं पाहिलं. कडी होती तिथंच होती. धुकं होतं तिथंच होतं. कंपनीनं लबाडी केली नव्हती. कापडवाल्याच्या जावयानं हौस केली नव्हती. पाच-सहा वर्षं मी लोकांच्या घरात माझ्या डोळ्यांसाठी उजेड पाडत होतो, आणि वरून त्यांना अडाणी म्हणत होतो.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"कधीपासून काय? काही नाही. धूळ गेली असेल."

"हाव," बाई म्हणाल्या, "धूळच असेल." आणि मला पाण्याचा ग्लास दिला, जो मी आणायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन हजर झालो. आयुष्यात पहिल्यांदा कमरेवर हात न ठेवता म्हटलं, "बाई, तुम्ही चाला. मी मागं येतो."

बाई पलंगावरून उठल्या, रोज संध्याकाळी उठतात तशा, आणि स्वयंपाकघराकडं निघाल्या. मी गुडघे टेकून मागं मागं. त्यांचा डावा हात भिंतीवर जिथं आपसूक पडला तिथं मी गेरूची खूण केली. टेपनं मोजलं, सव्वातीन फूट. माझ्या नियमाचं बटण साडेचारवर होतं. बाईंची उंची कमी, मोडलेला उजवा हात वर जात नाही. त्या बटणासाठी त्यांना रोज भिंत चाचपावी लागली असती. मी नियम मोडला आणि आभाळ कोसळलं नाही.

मग पाय जिथं जिथं अडखळत होते तिथं भिंतीत गुडघ्याखाली खुणा केल्या. शेगावच्या शेठचे मांजरांचे दिवे. तोंड जमिनीकडं, बल्ब डोळ्याला दिसतच नाही, दिसते ती फक्त फरशी. उजेड पिवळसर, थोडा. छतावरच्या अकरापैकी आठ काढले. ओट्यावरचा दिवा बाईंच्या पाठीमागं होता, म्हणजे पोळी लाटताना पोळीवर त्यांचीच सावली. तो पुढं आणून फळीच्या आड लपवला. दोन खोल्यांच्या मधल्या दिव्याला दोन्ही टोकांना बटण दिलं. इकडून लावायचं, पलीकडं पोचलं की तिकडून बंद करायचं. म्हणजे अंधारातून परत यायला नको.

रशीद माझ्यावर उखडला होता. त्याचं नवं प्लास्टर मी फोडत होतो. "काका, खुदही गाडना, खुदही खोदना," तो म्हणाला. पण शेवटी तोच काळ्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घेऊन आला आणि पायरीच्या काठाला चार बोटं रुंदीची पट्टी बसवून गेला. त्या पट्टीवर बसस्टँडचा विनोद मी केला नाही.

एक गोष्ट मात्र बाईंनी मला एकट्याला करू दिली नाही. वायर जोडायला बसलो की त्या बाजूला खुर्ची घेऊन बसायच्या. "हातात कोणती आहे सांगा." मी म्हणायचो, "लाल." त्या म्हणायच्या, "तपकिरी आहे. लाल पलीकडं." मेन बंद ठेवलेला असायचा, तरी माझ्या अंगावर काटा यायचा. समोरचं बाईंना दिसायचं आणि कडेचं मला. दोघं मिळून एक धड माणूस झालो आणि चार दिवसांत काम पुरं केलं.

कामात एकदा मी म्हटलं, "बाई, माझं कोणाले सांगू नका. लोक काम देणार नाहीत."

बाईंनी वायरवरची नजर काढली नाही. "माझं गेलेलं येत नाही शालिकभाऊ. मी रोज थेंब टाकते ते उरलेलं सांभाळायले. तुमचं बहुतेक मोतीबिंदूचं दिसते. ते परत येण्यासारखं आहे, आणि तुम्ही त्याले धूळ म्हणून बसले." मी टेप चिकटवत राहिलो. गरजेपेक्षा चार वेढे जास्तच.

रविवारी मिलिंद आला. दिवस मावळायची वेळ होती. सरळ पोरगा, पण चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. हातातली बॅग त्यानं टेकवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आई, चालून दाखव. मी धरणार नाही." मी दारात उभा होतो. वर फक्त एक दिवा, खाली फरशीवर मऊ उजेडाची रांग. खरं सांगतो, मला त्या खोलीत फारसं काही दिसत नव्हतं. मी बाईंच्या पावलांचा आवाज ऐकत होतो.

पावलं समोरच्या खोलीतून निघाली. बटणाचा टक आवाज आला, भिंत न चाचपता. मधल्या खोलीत पावलं थांबली.

"मिलिंद," बाईंचा आवाज आला, "बॅग वाटेत ठेवायची नसते. लहानपणापासून सांगून राह्यली."

आणि पावलं बाजूनं वळून पुढं गेली. पायरी उतरल्याचा एक आवाज, मग दुसरा. ओट्यावर भांडं वाजलं.

मिलिंद बॅगकडं पाहत राहिला. करड्या रंगाची बॅग, त्यानं मुद्दाम ठेवली नव्हती, नुसती विसरला होता. "आई, तुला बॅग दिसली?" त्यानं विचारलं.

"तुलेच दिसली नाही," बाई आतून म्हणाल्या. "चहात साखर किती?"

मिलिंद खाली वाकला, बॅग उचलली आणि पलंगाखाली सारली. मग पुस्तकाच्या कपाटाशी जाऊन उगाच एक पुस्तक काढलं, परत ठेवलं. "खोके आणले होते कोणी?" त्यानं विचारलं. रशीदनं आणलेले दोन रिकामे खोके कोपऱ्यात होते. "हे टाकून देतो," तो म्हणाला, आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवले. परत आल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला. "काका, कोणी सुचवलं हे सगळं?"

आयुष्यभराच्या सवयीनं 'मी' असं तोंडावर आलं होतं. मी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. "उद्या सोमवार," म्हणाल्या. "जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझी तपासणी आहे. मिलिंद पहाटेच पुण्याला निघते. सकाळी पहिल्या गाडीले मले सोबत पाहिजे."

"येतो की," मी म्हटलं. "सोबत म्हणून."

"सोबत म्हणूनच," बाई म्हणाल्या.

घरी आमच्या घरचीला सांगितलं, बाईंना सोबत चाललो. तिनं धुतलेली टोपी काढून ठेवली आणि पिशवीत दोघांपुरत्या भाकरी बांधायची तयारी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जालन्याला उतरलो. दवाखान्यात खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या मुलीनं वर पाहून विचारलं, "कोणाला दाखवायचंय?" बाईंनी जुना कागद पुढं केला आणि माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी टोपी नीट केली आणि म्हटलं, "दोघांले."